सर, ती बंदूक खरी होती का?



आज कुठल्या धड्याबद्दल किंवा निबंधाबद्दल लिहीत नाही. एका प्रश्नाबद्दल लिहितोय. चौथीतल्या एका मुलाने तो मला विचारला होता आणि मी त्याला खोटं उत्तर दिलं होतं.

२०२२ च्या उन्हाळी सुट्टीतली गोष्ट. आमच्या भावकीत लग्न होतं. हळदीच्या रात्री डीजे लागलेला. नात्यातल्या एकाने कमरेचं पिस्तूल काढलं आणि चार-पाच पोरांनी ते आळीपाळीने हातात घेऊन फोटो काढले. "घ्या की गुरुजी, तुम्ही पण," म्हणत कोणीतरी माझ्याही हातात दिलं. मी घेतलं. गॉगल लावला, फोटो काढला आणि रात्रीच स्टेटसला टाकला. सकाळपर्यंत "कडक सर", "भाई" असे मेसेज आले. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

कोरोनाच्या काळात ऑनलाइन अभ्यासासाठी सगळ्या पालकांचे नंबर माझ्याकडे आणि माझा नंबर त्यांच्याकडे गेला होता. हे मी विसरलो होतो. जूनमध्ये शाळा उघडली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी खिचडीच्या सुट्टीत एक मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, ती बंदूक खरी होती का?"

मी म्हणालो, "नाही रे, खेळण्यातली होती."

तो म्हणाला, "आमच्या काकाची खरी हाय." आणि ताठ मानेने पळून गेला.

त्या दिवशी मी हसून सोडून दिलं. आज तसं हसता येत नाही. आपण केज तालुक्यात राहतो, कारण सांगायची गरज नाही. तरीही बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी आमच्या तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांचा निर्घृण खून झाला. खटला न्यायालयात आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. त्यांचा जीव बंदुकीने गेला नाही, अमानुष मारहाणीत गेला. पण त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या बंदुकांची चर्चा सगळ्या महाराष्ट्रात झाली. जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने आहेत, शेजारच्या जिल्ह्यांपेक्षा कितीतरी जास्त, हे तेव्हा लोकांना कळलं. हवेत गोळ्या झाडतानाचे, पिस्तूल दाखवतानाचे जुने व्हिडिओ टीव्हीवर फिरले. परवान्यांची फेरतपासणी झाली, बरेच परवाने रद्द झाले, बंदुकीसोबत फोटो टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. मी माझा तो फोटो शोधून शोधून डिलीट केला. आधी कायद्याच्या भीतीने केला. लाज नंतर वाटली.

मग मी विचार करायला लागलो. बंदूक काही आपल्याकडे काल आलेली नाही. मग बदललं काय?

माझे आजोबा निजामाच्या राज्यात वाढले. १९४८ साली ते अठराएक वर्षांचे असतील. रझाकारांची दहशत होती, गावं रात्र-रात्र जागी असायची. मराठवाड्यातले कितीतरी तरुण तेव्हा सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले, काहींनी हातात बंदूक घेतली. स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांनी अंबाजोगाईच्या शाळेत मुलांना शिकवलं, ते त्या लढ्याचे नेते होते. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो ते त्यासाठीच. पण आजोबांना बंदुकीबद्दल विचारलं की ते खुलून बोलायचे नाहीत. त्यांच्या गावात पाटलाकडे ठासणीची एक बंदूक होती. रात्री पहारा देणाऱ्या पोरांना ती आळीपाळीने मिळायची. मी लहानपणी विचारलं होतं, "आबा, तुम्ही गोळी मारली का हो कुणाला?" ते म्हणाले, "नाही. आन् मारायची येळ आली नाही, ही देवाची दया." बस, एवढंच. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. पण त्या वर्षी पोलीस ॲक्शनच्या आधी आणि नंतरही, दोन्हीकडची कितीतरी निरपराध माणसं मेली हे त्यांनी पाहिलं-ऐकलं होतं. त्यामुळे ज्या पिढीला बंदुकीची खरी गरज पडली होती, त्या पिढीने तिचा मोठेपणा कधी मिरवला नाही.

वडिलांच्या पिढीत गावात एक-दोन दुनळी असायच्या. रानडुकरांसाठी, चोरांसाठी. बंदूक खोळीत घालून आतल्या खोलीत खुंटीला टांगलेली. काडतुसं वेगळी, कुलपात. निवडणूक लागली की मालक ती खांद्यावर टाकून ठाण्यात जमा करायला जायचा, आणि गावाला ती तेव्हाच दिसायची. लेकरं खोलीत शिरली तर आजी ओरडायची. वडील सांगतात, बंदूकवाल्याच्या घरी मुलगी द्यायची म्हटली तरी लोक चार ठिकाणी चौकशी करायचे, "घरात कशाला लागती बंदूक?" असं विचारायचे. मान नव्हता असं मी म्हणत नाही. मान होता, पण त्यात भीती आणि संशय दोन्ही मिसळलेले होते.

आमची पिढी म्हणजे १९९० च्या आसपासची लेकरं. आमच्याकडे दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल. लाल टिकल्यांची गुंडाळी, दोन दिवसांत घोडा तुटायचा, मग तोंडानेच "ठो ठो" करायचो. चोर-पोलीस खेळताना भांडण लागायचं ते पोलीस कोण होणार यावरून. चोर व्हायला कोणी तयार नसायचं, चिठ्ठ्या टाकाव्या लागायच्या.

आता माझ्या वर्गातलं चित्र सांगतो. मागच्या वर्षी पोरं मैदानावर खेळत होती. मी विचारलं, "काय खेळताय?" तर म्हणाले, "सर, भाई-भाई." एक भाई, त्याच्या मागं चार पोरं, आणि एक जण मोबाईल धरल्यासारखा हात करून त्यांचा व्हिडिओ काढतोय. भांडण लागलं होतं ते भाई कोण होणार यावरून. पोलीस त्या खेळात नव्हताच. आणि ज्याला मारायचं, तो नेहमीचाच एक अशक्त, गरीब मुलगा.

मला सगळ्यात जास्त टोचला तो व्हिडिओ काढणारा मुलगा. कारण मार्च २०२५ मध्ये देशमुख यांच्या खुनाच्या आरोपपत्रातले फोटो बाहेर आले, आणि ते सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले. मारहाण करताना फोटो काढले गेले होते, व्हिडिओ काढले गेले होते. मोठी माणसं ते पाहून रडली. पण ते फोटो चौथीतल्या लेकरांनीही पाहिले, कारण मोबाईल घरात कुठेही पडलेला असतो. लेकरांच्या डोक्यात काय राहिलं असेल? हत्यार आणि कॅमेरा बरोबरच चालतात, हे तर नक्की राहिलं.

म्हणजे पिढ्यांमधला फरक मला असा दिसतो. आजोबांची बंदूक नाइलाजाची होती, वडिलांच्या काळातली खोळीतली होती, आमची टिकल्यांची होती. आताची बंदूक दाखवायची आहे. ती वापरली नाही तरी चालते, दिसली पाहिजे. आणि ती दाखवणारे लेकरं नाहीत, आपण आहोत. लग्नात, वाढदिवसाला, मिरवणुकीत, स्टेटसला. लेकरं फक्त पाहतात.

यावर पालक लगेच म्हणतात, "सर, हे सगळं मोबाईल गेममुळं आन् सिनेमामुळं." थोडं खरं आहे. पबजीवर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, पुढच्याच वर्षी तसाच खेळ नव्या नावाने आला आणि पोरं पुन्हा खेळायला लागली. सिनेमाचंही तसंच. 'मुळशी पॅटर्न' हा सिनेमा २०१८ साली आला. जमीन गेलेल्या शेतकऱ्याचं पोरगं गुन्हेगारीत कसं जातं आणि त्यातून कुणाचंच भलं कसं होत नाही, हे त्यात दाखवलंय. पण पोरांनी अख्खा सिनेमा पाहिलेलाच नाही. त्यांनी तीस सेकंदांचे तुकडे पाहिलेत, त्यात फक्त रुबाब आहे, शेवट नाही. तरीही मी म्हणेन, गेममधली बंदूक खोटी आहे हे लेकराला कळतं. काकाच्या कमरेची खरी आहे, हेही कळतं. माझ्या त्या विद्यार्थ्याने मला तेच तर सांगितलं होतं.

दुसरा आक्षेप असा येतो की, "रानडुकरं पीक खातात, रात्री शेतात एकटं जावं लागतं, बंदूक लागतेच." लागत असेल. कायद्यात पीक संरक्षणासाठी परवाना मिळण्याची सोय आहे आणि खऱ्या गरजेवर माझं काही म्हणणं नाही. पण रानडुक्कर हळदीच्या मांडवात येत नाही. तिथे बंदूक कशाला आली?

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात पाहू, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते माहीत नाही. मलाही नव्हतं. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदुकीचा परवाना मिळायला किमान वय २१ वर्षं लागतं. म्हणजे मतदान अठराव्या वर्षी करता येतं, पण बंदुकीसाठी कायदा आणखी तीन वर्षं थांबायला सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात, मिरवणुकीत बेदरकारपणे गोळी झाडली आणि त्यामुळे कुणाचा जीव धोक्यात आला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गावठी कट्टा विनापरवाना जवळ सापडला तर दोन ते पाच वर्षं. अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं पोलीस भरतीसाठी पहाटे अंबाजोगाई रोडला पळतंय आणि एका फोटोपायी त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, तर चारित्र्य पडताळणीत काय होणार, सांगा. त्याला खाकी वर्दी आणि कायद्याची बंदूक मिळणार होती, ती या कट्ट्याने घालवली. हे आपण त्याला आधी सांगितलं का?

आता शाळेबद्दल. "आपल्याकडं अमेरिकेसारखं होत नाही," असं आपण म्हणतो. अमेरिकेत २०२० पासून लेकरं आणि किशोरवयीन मुलं मरण्याचं सगळ्यात मोठं कारण बंदूक आहे, तसं आपल्याकडे नाही, हे खरं आहे. पण डिसेंबर २००७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत आठवीतल्या दोन मुलांनी वर्गमित्राला गोळ्या घालून मारलं. पिस्तूल त्यातल्या एकाच्या वडिलांचं होतं. आणि ३१ जुलै २०२४ रोजी बिहारच्या सुपौल जिल्ह्यात नर्सरीतलं पाच वर्षांचं लेकरू दप्तरात पिस्तूल घेऊन शाळेत आलं. तिसरीतल्या मुलाच्या हाताला गोळी लागली. मुलगा वाचला. नर्सरी! म्हणजे आपली अंगणवाडी. ती बातमी वाचल्यावर मी कितीतरी वेळ वर्गातल्या दप्तरांकडे पाहत बसलो होतो.

युरोपातल्या सर्बिया देशात मे २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या मुलाने आपल्याच शाळेत गोळीबार केला. बंदुका वडिलांच्या होत्या. वडिलांनी त्याला नेमबाजी शिकायला नेलं होतं. त्या घटनेनंतर लोकांनी हजारो हत्यारं सरकारजमा केली आणि आईवडिलांवरही खटला चालला. तिथेही सुरुवातीला आईवडिलांना वाटलं असेल, मुलगा धीट होतोय.

मग काय, मुलांनी बंदुकीला हातच लावू नये? तसं मी म्हणत नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. वडील आपल्यासारखेच शिक्षक, आई तेव्हा गावची सरपंच. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत तो लहान वयात गेला आणि वर्षानुवर्षं सराव करून तिथे पोचला. मी हा व्हिडिओ वर्गात दाखवला. पोरांना आधी कंटाळा आला, "सर, हा तर नुसता उभा राहतोय." मी म्हणालो, "तेच तर अवघड आहे. तासनतास श्वास धरून, हात न हलवता, कागदावर नेम धरायचा. समोर माणूस नाही." एक मुलगी म्हणाली, "म्हंजी सर, हा कुणाला भ्यावच दाखवत नाही." मला जे नीट सांगता येत नव्हतं, ते तिने सांगून टाकलं.

वर्गात आणखी एक प्रयोग केला, तो तुम्हीही करून बघा. चित्रकलेच्या तासाला मुलं बंदूक काढतात. पूर्वी मी रागावायचो, कागद फाडायला लावायचो. त्याने काही होत नाही, ते चित्र वहीच्या मागच्या पानावर जातं. आता मी विचारतो, "बरं, गोळी सुटली. पुढं काय झालं? गोष्ट पूर्ण कर." सुरुवातीला सगळे लिहायचे, "तो मेला. गोष्ट संपली." मी म्हणायचो, "संपली कशी? त्याच्या घरी कोण आहे? त्याला दवाखान्यात कोणी नेलं? मारणाऱ्याच्या आईला कोणी सांगितलं?" मग गोष्टी लांबायला लागल्या. एकाने लिहिलं, "त्याला जीपमधून अंबाजोगाईला नेलं. रस्त्यात त्याने पाणी मागितलं." आमच्याकडे मोठं दुखणं झालं की अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातच नेतात, त्याने पाहिलं असेल. दुसऱ्याने लिहिलं, "भाईला पोलिसांनी धरलं. त्याची आई ऊस तोडायला गेली होती. तिला फोन लागला नाही." वाचताना माझाच आवाज बसला. आपल्या जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर हजारो आईबाप कारखान्यावर जातात, लेकरं आजीजवळ राहतात. त्या लेकरांना गावात रुबाबदार कोण दिसतं, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही.

पालकसभेत मी हा विषय काढला तेव्हा बापे माणसं गप्प होती. मागे बसलेली एक आई उठली आणि म्हणाली, "सर, पोराच्या चुलत्याकडं लाखाचं पिस्तूल हाय. आन् पोराला वह्या मागितल्या तर पुढच्या महिन्यात बघू म्हणत्यात." कोणी हसलं नाही. मीही माझ्या फोटोची गोष्ट तिथे सगळ्यांसमोर सांगितली. सोपं नव्हतं. पण ती सांगितल्यावरच दोन-तीन जण बोलायला लागले.

तेव्हा पालकहो, माझी विनंती साधी आहे. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती कुलपात ठेवा, काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवा, आणि किल्ली लेकरांना माहीत नको. लेकराच्या हातात "धर जरा, फोटो काढू" म्हणून कधी देऊ नका. लग्नात कोणी पिस्तूल काढलं तर टाळ्या वाजवू नका, लेकरं घेऊन बाजूला व्हा. दाखवणाऱ्याला बघणारे लागतात. बघणारे उठले की त्याचा अर्धा रुबाब जातो.

आणि शिक्षक मित्रांनो, आपण आपलं स्टेटस तपासू. आपल्या वर्गातला निम्मा वर्ग ते आईच्या मोबाईलवर रोज पाहतो. गावातल्या कुठल्या माणसाला आपण शाळेत पाहुणा म्हणून बोलावतो, कोणासोबत फोटो काढतो, हेही लेकरं पाहतात. गावात रोज सकाळी सायकलवर दूध घालून पोरीला नर्सिंगला घालणारा बाप आहे, सीमेवर चौदा वर्षं काढून आलेला निवृत्त जवान आहे. आमच्या शाळेत २६ जानेवारीला आम्ही असाच एक जवान बोलावला होता. पोरांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "काका, तुमी किती गोळ्या मारल्या?" तो म्हणाला, "बाळांनो, एकेका गोळीचा हिशेब द्यावा लागतो. हिशेब देता येत नसेल तर गोळी मारायची नाही." वर्ग एकदम शांत झाला. मला आजोबांचीच आठवण आली.

ज्या मुलाने मला तो प्रश्न विचारला होता, तो आता केजला माध्यमिक शाळेत जातो. मागच्या महिन्यात बसस्टँडवर भेटला. मी त्याला चहाच्या गाड्याजवळ थांबवलं आणि म्हणालो, "तू चौथीत असताना मला एक विचारलं होतंस. ती बंदूक खरी होती. मी खोटं बोललो होतो. आणि ती हातात घेणं चूक होतं."

तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत होतं सर, खरी हाय ते." आणि थांबून म्हणाला, "काकाची पोलिसांनी जमा केली."

त्याच्या आवाजात अभिमान नव्हता. दुःखही नव्हतं. तो मोठा होतोय, अजून ठरवतोय. त्याने काय ठरवावं, यात आपला वाटा आहे, तेवढ्यासाठी हे लिहिलं.

आपल्या शाळेतला, आपल्या घरातला अनुभव असेल तर जरूर कळवा.